पटाशीची पाठ

पटाशी विकत घेताना धार बघू नये. कारखान्यातून आलेली धार पहिल्या काही तासांची सोबतीण. पुढं आयुष्यभर जी लागणार, ती आपल्याच हातची. बघायची ती पाठ, म्हणजे उताराच्या उलटची सपाट बाजू. या दोन बाजू एका रेषेत मिळतात तिथं धार तयार होते. उतार दर वेळी दगडावर नवा होतो. पाठ मात्र एकदाच नीट सरळ करायची आणि जन्मभर जपायची. खाचेची भिंत तासताना पटाशी पाठीच्याच आधारानं खाली उतरते, त्यामुळे पाठीतला दोष लाकडात जसाच्या तसा उमटतो.

म्हणून मी दुकानात स्टीलची पट्टी मागून घेतो, पाठीवर उभी धरतो आणि उजेडाकडे बघतो. मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसली तरी चालतं. किंचित पोकळ पाठ दगडावर लवकर बसते. पण मध्ये टेकलेली पट्टी धारेपाशी उचललेली दिसली, म्हणजे पाठ फुगीर निघाली, की ती पटाशी परत ठेवायची. मूठ कितीही देखणी असो. फुगीर पाठ घरी सरळ करायला बसलं तर हात भरून येतात आणि धारेशी फुगवटा तरीही थोडा राहतोच.

जपानी कारागिरांनी ही गोष्ट घडणीतच सोडवली आहे. त्यांची ‘नोमी’ दोन धातूंची असते: पाठीकडे कडक पोलादाचा थर, त्याला जोडलेलं मऊ लोखंड. पाठ मधोमध मुद्दाम कोरून पोकळ केलेली असते, म्हणजे दगडाला लागतात त्या फक्त कडा आणि धारेलगतची पट्टी. १८७६ मध्ये तिथं उघडपणे तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि तलवारी घडवणाऱ्या घराण्यांतले काही हात सुतारांच्या हत्यारांकडे वळले. अशी पटाशी हातात घेतली की तिच्या वजनातच ते शिक्षण जाणवतं.

तरी सागावर काम करणाऱ्यानं केवळ कौतुकापोटी ती घेऊ नये असं मला वाटतं. जपानी नोमीच्या पोलादाचा कडकपणा रॉकवेल मापावर ६२-६५ पर्यंत जातो; चांगल्या युरोपीय पटाश्या साधारण ५८ ते ६२ मध्ये असतात. आकडा मोठा तर धार जास्त टिकते, हे खरं. पण कडक पोलाद ठिसूळही असतं. जपानी सुताराच्या हाताखाली बरंचसं काम हिनोकी, सुगी अशा मऊ लाकडाचं. आपल्याकडे शिसवीची गाठ आडवी आली की तीच धार दात्यांनी भरते. आणि सागाचं दुखणं वेगळं: त्याच्या अंगात सिलिका असते, वाळूचीच जात. दिसायला लाकूड मऊ, तासायला आज्ञाधारक, पण धार गुपचूप खाऊन टाकतं. तेव्हा ६० च्या आसपासचं पोलाद, पंचवीस अंशांचा उतार आणि धारेच्या टोकाला तीस अंशांची बारीक पट्टी. बिघडली तर पाच मिनिटांत पुन्हा लागावी. सागाला हेच मानवतं.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथं भंगाराच्या ढिगात कधीमधी ‘कास्ट स्टील’ असा ठसा असलेली इंग्लिश पटाशी सापडते. त्या ठशामागं एका घड्याळजीची चिकाटी आहे. घड्याळाच्या स्प्रिंगांना एकजिनसी पोलाद मिळेना म्हणून १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समननं शेफील्डजवळ बंद मुशीत पोलाद वितळवून पाहिलं, आणि पुढं शेफील्डच्या हत्यारांची कीर्ती त्याच पोलादावर उभी राहिली. अशी पटाशी दिसली की मन हरखतं. पण गंज बघावा तोही पाठीवरच. वरचा गंज घासून जातो. पाठीवर धारेजवळ गंजानं खड्डे पाडले असतील तर उतार झिजत झिजत त्या खड्ड्याशी पोचतो आणि धारेला तिथंच खिंड पडते.

गावाकडचा लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून पटाशी घडवून देतो. तिला कमी लेखू नये. पाट्याचं पोलाद चिवट असतं, आणि पाणी देऊन झाल्यावर सुक्या गवताच्या पिवळ्या रंगापर्यंत पुन्हा तापवून नेमक्या क्षणी थांबणारा लोहार भेटला, तर ती पटाशी बाजारातल्या चकचकीत डब्याला भारी ठरते. पुढं ती ग्राइंडरवर धरताना मात्र जपायला हवं. धार निळी पडली की पाणी गेलं.

सेट किती नगांचा घ्यावा, याचं उत्तर खंडेनवमीला जुन्या सुताराच्या घरी मिळतं. हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून मांडलेली असतात. पटाश्यांची रुंदी तीच राहिलेली, पण काहींची लांबी निम्म्यावर आलेली. बुटकी झालेली बहुधा चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाची. तिच्या खालोखाल दोन सुती आणि सहा सुती. दीड इंची अजून लांबच लांब. म्हणून दहा नगांच्या डब्यापेक्षा दोन, चार, सहा सूत आणि एक इंच एवढ्या चारच घ्याव्यात, पण पाठ बघून. डोव्हटेल करायचं असेल तर दोन सुतीच्या कडा धारेपर्यंत पातळ उतरलेल्या हव्यात. जाड कडेची पटाशी कोपऱ्यात पोचतच नाही. उरलेल्या पैशांत चांगला दगड घ्यावा. दगड नसेल तर महाग पोलाद चार दिवसांत स्वस्तासारखंच वागतं.

आणि चौकटीच्या कुसवांसाठी खोल खाचा पाडायच्या असतील तर जाड अंगाची, चौकोनी बाजूंची, ठोके सोसणारी पटाशी निराळी मागावी. डब्यातल्या सेटमध्ये ती सहसा नसते. काउंटरवर मांडलेल्या मालात दिसली नाही तर दुकानदाराला मागच्या फळीवर बघायला सांगावं, आणि त्यानं आणून दिली की आधी उलटी करावी.