दगडावर उभं राहिलेलं सुरूचं बन

केनियातल्या मोंबासाला लोक समुद्रासाठी जातात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. पण शहराच्या उत्तरेला, मालिंदीच्या रस्त्यावर बांबुरी लागतं आणि तिथे आहे हॅलर पार्क. फाटकातून आत शिरताच हे म्हणाले, "अगं, हे तर आपलं गुहागरचं सुरूबन!" पायाखाली वाळक्या काड्यांचा तोच मऊ थर, वर वाऱ्याचा तोच आवाज. फरक एवढाच, की हे बन सिमेंट कारखान्याच्या खाणीत वाढलं आहे.

इथला दगड म्हणजे प्राचीन प्रवाळांचा चुनखडक. सिमेंटसाठी तो वर्षानुवर्षं खणून काढला गेला, अगदी जमिनीतलं पाणी हाताशी येईपर्यंत. मागे उरला पांढराफटक, तापलेला खडक. त्यावर चिमूटभर माती नाही, आणि खाली पाणी होतं तेही मचूळ! कोकणातल्या सोडून दिलेल्या चिरेखाणी ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना वेगळं वर्णन करून सांगायला नको.

1971 साली कारखान्याने हे काम रेने हॅलर या आपल्या स्विस कृषितज्ज्ञावर सोपवलं. त्यांनी 26 जातींची झाडं लावून पाहिली. तगल्या तीनच, त्यांत एक माड आणि एक आपला सुरू. सुरूला खारं पाणी चालतं, आणि त्याच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र धरून ठेवतात. झाडं भराभर वाढली. हॅलरसाहेब जिंकले म्हणायचे!

पण नाही. गळलेल्या काड्या कुजेचनात. त्यांत टॅनिन फार, त्यामुळे नुसता कोरडा ढीग साचत गेला आणि माती काही तयार होईना. तेव्हा त्यांच्या नजरेला पडला तांबड्या पायांचा एक मोठा वाणी, म्हणजे आपण ज्याला पैसा म्हणतो तो किडा. तो त्या काड्या चक्क खात होता! मग असे वाणी गोळा करून बनात सोडले. त्यांनी खायचं, त्यांच्या लेंड्यांवर जिवाणूंनी पोसायचं आणि त्यातून काळी माती व्हायची. त्या मातीत पुढे इतर झाडं रुजली, पक्षी आले, माकडं आली.

पाण्याचा हिशेबही गृहिणीला पटावा असा. तिलापिया माशांच्या टाक्यांतलं घाण पाणी फेकून द्यायचं नाही. कोबीच्या गड्ड्यासारख्या दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती त्यातला मळ शोषून घेतात, की पाणी पुन्हा कामाला तयार. मेलेले मासे मगरींना.

मुलांना अर्थातच ओवेनची गोष्ट हवी होती. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीच्या वेळी एकटं पडलेलं हे पाणघोड्याचं पिल्लू इथे आणलं, आणि ते म्झी नावाच्या म्हाताऱ्या कासवाला आई समजून बिलगलं. मी मात्र मागेच रेंगाळले होते. वाटाड्याने सुरूच्या काड्यांचा थर बोटाने बाजूला सारला. खाली ओलसर, काळी माती, आणि तिच्यात वेटोळं करून बसलेला एक वाणी.

"तुमच्याकडे असतात का हे?" त्याने विचारलं.

"पावसाळ्यात पडवीभर," मी म्हटलं. आम्ही ते केरसुणीने लोटून देतो, हे काही त्याला सांगवेना.