चिमटीभर अंडी

मला मासे पाळण्याचा छंद आहे. आमच्या बाहेरच्या खोलीत काचेची एक मोठी टाकी आहे. तिच्यात एंजल जातीच्या माशांची एक जोडी होती. 2019 च्या उन्हाळ्यात मादीने एका रुंद पानावर अंडी घातली. मोठे मासे पुष्कळदा अंडी खाऊन टाकतात, म्हणून ते पान मी काचेच्या बरणीत ठेवले. दोन दिवसांनी पिल्ले निघाली. आणखी चार-पाच दिवसांनी ती पोहू लागली. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. शाळेतून आली की पाठीवरचे दप्तरही न काढता ती बरणीपाशी उभी राहायची.

पण पिल्लांना खायला काय द्यायचे, याचा विचार मी केलाच नव्हता. पोहू लागेपर्यंत पिल्लू स्वतःच्या पोटातल्या बलकावर जगते. तो संपला की त्याला भूक लागते. मोठ्या माशांचे कोरडे खाद्य त्याच्या तोंडात मावत नाही आणि जे हलत नाही, त्याकडे ते बहुधा वळतही नाही. मी उकडलेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून घातला. तोही जरा जास्तच. रात्रीतून पाणी नासले. सकाळी सगळी पिल्ले तळाशी मरून पडली होती.

"अब्बू, तुम्ही तर शिक्षक आहात ना?" मुलगी एवढेच म्हणाली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

महिन्याभराने मादीने पुन्हा अंडी घातली. या वेळी मी मुंबईला जाऊन क्रॉफर्ड मार्केटमधून आर्टेमियाच्या अंड्यांची लहानशी डबी आणली. दिसायला ती नुसती तपकिरी पूड. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यात राहणारा, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला जीव आहे. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरात तो फार मोठ्या संख्येने होतो. आपल्या मुंबईच्या वडाळ्याच्या मिठागरांतही तो सापडला आहे. पाणी आटले तरी त्याची अंडी मरत नाहीत. कोरडी ठेवली तर ती कित्येक वर्षे तशीच राहतात आणि खारे पाणी मिळाले की जागी होतात.

पिल्ले पोहू लागण्याच्या आदल्या संध्याकाळी मी प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगली. तिच्यात एक लिटर पाणी ओतले आणि अम्मीकडे 25 ग्रॅम मीठ मागितले.

"मिठाने लोणचे होते बेटा, मासे कुठे होतात?" अम्मी हसून म्हणाली.

मी पाण्यात चिमटीभर अंडी टाकली, हवेच्या पंपाची नळी तळापर्यंत सोडली आणि जवळ दिवा लावून झोपलो.

रात्री वीज गेली. पंप बंद पडला. हवा थांबली की अंडी तळाशी बसतात आणि गुदमरतात. मला मात्र पत्ताच नव्हता. पहाटे उठून पाहतो, तर अम्मी बाटलीपुढे खुर्ची टाकून बसलेली. हातात लांब दांडीचा चमचा! ती तहज्जुदच्या नमाजासाठी उठली होती. पंपाचा आवाज येईना, म्हणून मेणबत्ती लावून फजरची अजान होईपर्यंत ती पाणी ढवळत राहिली.

"खीर ढवळतात तसे ढवळले. बिघडले तर नाही ना?" तिने विचारले.

संध्याकाळी मी पंप बंद केला आणि बाटलीच्या खालच्या बाजूला दिवा धरला. रिकामी टरफले वर तरंगू लागली. खाली उजेडाकडे नारिंगी धूळ गोळा झाली. ती धूळ हलत होती! प्रत्येक कण अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, पण जिवंत. नळीने ते पाणी काढले, बारीक कापडातून गाळले आणि मीठ जावे म्हणून कापडावर साधे पाणी ओतले. मग थेंबाथेंबाने ते जीव बरणीत सोडले. पिल्ले त्यांच्यावर तुटून पडली. थोड्याच वेळात त्यांची पारदर्शक पोटे नारिंगी दिसू लागली. मुलगी भिंग घेऊन एकेक पोट मोजत बसली. साठाच्या पुढे तिचा हिशेब चुकला, तेव्हा तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

आर्टेमियाची पिल्ले ताजी असतानाच द्यावी लागतात, म्हणून त्याच रात्री मी दुसरी बाटली लावली. चमचा अम्मीने आपल्या उशाशी ठेवून घेतला.