खोली नंबर ८०

मित्रांनो, तुमच्या घरी पोस्टमन येतो तेव्हा तो आधी काय बघतो? इमारत. आणि मग? खोलीचा नंबर. इमारत बरोबर आणि खोली चुकीची असेल, तर मामाचे पत्र शेजारच्या मामीच्या हाती पडते आणि मग जो काही गोंधळ होतो तो विचारू नका!

माझे बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेले. १९२० च्या सुमारास मुंबईत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ नावाचे सरकारी खाते निघाले. त्या खात्याने या चाळी बांधल्या, म्हणून त्या बीडीडी चाळी. वरळी, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथेही त्या बांधल्या गेल्या. आमच्या नायगावात ४२ होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. एका मजल्यावर वीस, म्हणजे चाळीत एकूण किती? बरोबर, ८०. खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आई-बाबा, आजी, आम्ही भावंडे आणि परीक्षेच्या दिवसांत गावाहून आलेला एखादा पाहुणासुद्धा!

हा ८० चा आकडा लक्षात ठेवा बरं का. पुढे त्याची गंमत आहे.

२०१७ च्या एप्रिलमध्ये बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. आता चाळी पडणार, उंच इमारती होणार, अशी चर्चा घरोघरी सुरू झाली. त्या मे महिन्याच्या सुट्टीत चाळीतली मुले माझ्याकडे आली. मी कम्प्युटरचे काम करतो हे त्यांना ठाऊक होते. “दादा, चाळीचे जुने फोटो गोळा करू या ना! गणपतीचे, दहीहंडीचे, लग्नांचे. आणि सगळ्यांना आपापल्या मोबाइलवर बघता आले पाहिजेत.”

कल्पना मला फार आवडली. लॅमिंग्टन रोडवरून काही जुने सुटे भाग आणले आणि एक कम्प्युटर जुळवला. तळमजल्यावर मंडळाच्या खोलीत, कॅरम बोर्डाच्या शेजारी त्याची स्थापना झाली. वाय-फायचा एक डबाही आला. आता या कम्प्युटरला वेब सर्व्हर करायचे होते.

वेब सर्व्हर म्हणजे वेगळे अजब यंत्र नव्हे. कोणी मागितले की पान काढून देणारा कम्प्युटर, एवढेच. ग्रंथालयातले काका चिठ्ठी बघून पुस्तक काढून देतात ना, तसे. त्यासाठी त्या कम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम चालू ठेवावा लागतो. आम्ही ‘अपाची’ नावाचा घेतला. हा १९९५ पासून आहे आणि फुकट मिळतो.

जगातला पहिला वेब सर्व्हर १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत चालवला. त्या कम्प्युटरवर त्यांनी लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी डकवली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका, अशा अर्थाची. का, ते मला तिसऱ्याच दिवशी कळले. मंडळाचे खजिनदार काका वीजबिलाच्या काळजीने रात्री बटण बंद करून घरी गेले होते! मग आम्हीही चिठ्ठी लावली, “काका, कृपया हे बटण नको.”

आता सेटिंगकडे वळू या. अपाचीची सगळी सेटिंग साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेली असतात. सर्व्हर सुरू होताना त्या वाचतो आणि त्यात लिहिले असेल तसेच वागतो. त्यातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, सर्व्हरने कुठल्या दारावर कान देऊन बसायचे? एका कम्प्युटरचा पत्ता म्हणजे चाळीचा नंबर. पण त्या एकाच कम्प्युटरवर अनेक कामे चालतात, म्हणून त्याला खोल्याही असतात. त्यांना म्हणतात पोर्ट. त्यांचे नंबर ६५,५३५ पर्यंत जातात. टपाल नेणारा प्रोग्राम बसतो २५ नंबरला. कुलूपबंद वेब, म्हणजे ज्या पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असते ती, ४४३ नंबरला. आणि साधी वेब? खोली नंबर ८०! आमच्या चाळीतली शेवटची खोली! मुलांना हे सांगितले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीतला मुलगा दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होता.

दुसरी, आलेल्या पाहुण्याला कुठले कपाट उघडून दाखवायचे? या सेटिंगला ‘डॉक्युमेंट रूट’ म्हणतात. तुम्ही ज्या फोल्डरचे नाव तिथे लिहाल, ते आणि त्याच्या पोटातले सगळे पाहुण्यांसाठी खुले.

तिसरी, पाहुण्याने विशिष्ट पान मागितले नाही, नुसतेच दार वाजवले, तर काय द्यायचे? बहुधा ‘इंडेक्स’ नावाचे पान देतात. चाळीच्या दाराशी नावांची पाटी असते ना, तसे.

चौथी, अक्षरे कुठल्या पद्धतीने वाचायची. हे आधी आम्ही नीट लिहिले नव्हते, म्हणून पहिल्या दिवशी मराठीऐवजी टोप्या घातलेली विचित्र इंग्रजी अक्षरे उमटली. ‘यूटीएफ-८’ असे लिहिल्यावर गणपती बाप्पा मराठीत बोलू लागले.

झाले. पान दिसू लागले, फोटो दिसू लागले. चाळभर मोबाइल फिरू लागले. “अगो बाई, ही मी?” “हा बघ तुझा बाप, हाफ पँटमध्ये!” मी अगदी फुशारून गेलो.

पण मित्रांनो, मी एक मोठी चूक केली होती.

त्याच दिवसांत चाळीतले लोक आपली कागदपत्रे जमवत होते. नव्या घरासाठी भाडेपावत्या, रेशनकार्ड, प्रतिज्ञापत्र, सगळे दाखवावे लागणार होते. काही जण म्हणाले, “तुझ्याकडे स्कॅनर आहेच, तर आमचेही कागद काढून ठेव.” मी ठेवले. स्कॅनर फोटो ज्या फोल्डरमध्ये टाकत होता, त्याच फोल्डरमध्ये कागदही टाकत होता. आणि तेच फोल्डर मी पाहुण्यांसाठी उघडलेल्या कपाटात ठेवले होते. मला वाटले, पानावर तर फक्त फोटोंचे दुवे दिले आहेत, कागदांचे दिलेच नाहीत. मग ते कोणाला दिसणार?

सांगा पाहू, चूक कुठे झाली?

एका रात्री सातवीतली एक मुलगी मंडळाच्या खोलीत आली. बाकीचे निघून जाईपर्यंत थांबली. मग हळूच म्हणाली, “दादा, तुमच्या कम्प्युटरवर आजींचा कागद दिसतोय.”

“कुठे पाहिलास?”

“मी फोटोचा पत्ता मागून थोडा पुसला. फोटोचं नाव काढून टाकलं. नुसतं फोल्डरचं नाव ठेवलं. तर सगळी यादीच आली.”

त्या फोल्डरमध्ये ‘इंडेक्स’ नावाचे पान नव्हते. अशा वेळी अपाची काय करतो? सेटिंगमध्ये परवानगी असेल, तर तो फोल्डरमधल्या सगळ्या फायलींची यादी समोर ठेवतो. मी बसवलेल्या अपाचीत ही यादी दाखवण्याची परवानगी आधीपासूनच लिहिलेली होती. मी ती ओळ वाचलीच नव्हती.

आता ‘आजी’ कोण ते सांगतो. पहिल्या मजल्यावरच्या मावशी. मी त्यांना मावशी म्हणतो, मुले आजी म्हणतात. रोज सकाळी जिन्याजवळच्या उजेडात स्टूल टाकून त्या पेपर घेऊन बसत. शाळेत जाणारी मुले विचारत, “आजी, आज काय बातमी?” आणि मावशी पेपरातून मान वर करून ठणठणीत आवाजात दोन-तीन बातम्या सांगत. मीही लहानपणी त्यांच्याकडूनच बातम्या ऐकून शाळेत गेलो आहे.

तो कागद मावशींचे प्रतिज्ञापत्र होते. खाली सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा होता.

माझ्या पोटात खड्डा पडला. बातम्या रात्री टीव्हीवर ऐकलेल्या असत. पेपर नुसता हातात असे. इतकी वर्षे जे त्यांनी कोणाला कळू दिले नव्हते, ते मी चाळीतल्या प्रत्येक मोबाइलसमोर मांडून ठेवले होते. तेही एका न वाचलेल्या ओळीमुळे!

“मी कुणाला सांगितलं नाही,” ती मुलगी म्हणाली. “पण ते दिसतंय ते बरं नाही ना?”

त्याच रात्री बसून दुरुस्ती केली. आधी सगळे कागद त्या कपाटातून काढून पार वेगळ्या जागी नेले. खरी दुरुस्ती हीच. कारण नुसती यादी बंद केली, तरी फाइलचे नाव अचूक ओळखणाऱ्याला ती मिळतेच. दार लपवले म्हणजे कुलूप लागले असे होत नाही. मग यादी दाखवण्याची परवानगीही काढून टाकली. सेटिंग बदलले की आधी त्यात काही चूक नाही ना हे तपासायची आज्ञा असते, ती दिली आणि सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावली. नाहीतर तो बिचारा जुनेच धरून बसतो.

आता फोल्डरचा पत्ता दिला की उत्तर आले, ४०३. तुम्हाला ४०४ हा आकडा माहीत असेल. त्याचा अर्थ, असे काही इथे सापडत नाही. ४०३ चा अर्थ वेगळा. मागणी कळली, पण आत यायची परवानगी नाही. तो ४०३ बघून मला कधी नव्हे एवढा आनंद झाला.

पण झाले ते झालेच होते. आणि मावशींना सांगायला तर हवे होते. जायच्या आधी मी एक गोष्ट केली. अपाची एक वही ठेवतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. किती वाजता, कुठल्या पत्त्यावरून, कुठली फाइल मागितली आणि काय उत्तर दिले, प्रत्येक मागणीची एक ओळ. उत्तर २०० असेल तर फाइल दिली गेली. मी सुरुवातीपासूनच्या सगळ्या ओळींत मावशींच्या कागदाचे नाव शोधले. एकच ओळ निघाली. त्याच संध्याकाळची. उत्तर २००. पत्ता त्या मुलीच्या बाबांच्या मोबाइलचा.

सकाळी मावशींच्या दारात उभा राहिलो. काय झाले ते सगळे सांगितले. सबब सांगितली नाही. मावशींनी स्टोव्हवरचे आधण उतरवले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारले, “किती जणांनी बघितला?”

“एकीने. तिनेच येऊन मला सांगितलं.”

“नक्की एकीनेच?”

“नक्की, मावशी. वहीत नोंद आहे.”

ती वही नसती तर मी काय सांगितले असते? ‘बहुतेक कोणी पाहिला नसेल,’ असे. आणि मावशी रोज प्रत्येक मुलाच्या चेहऱ्याकडे बघून मनात विचार करत राहिल्या असत्या, याला कळले असेल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम जिन्यात रेंगाळलो. मावशी स्टुलावर बसल्या होत्या. ती मुलगी खाली उतरली आणि रोजच्यासारखेच म्हणाली, “आजी, आज काय बातमी?”

मावशींनी तिच्याकडे एकदा नीट पाहिले. पेपरची घडी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “आज तू वाच गं. माझा चष्मा सापडत नाही.”

चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. मुलीने तो पाहिला. काही न बोलता ती पायरीवर बसली आणि मोठ्याने वाचू लागली. त्या सुट्टीत मग रोजच ती वाचायची.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी ना कोणी पुढे सर्व्हर चालवेल. काहींनी घरी चालवूनही पाहिला असेल. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. यंत्र आपले काम चोख करते, पण जे तुम्ही ठरवले नाही ते दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. त्याला तुमची मावशी माहीत नसते. म्हणून सेटिंगची फाइल एकदा तरी वरपासून खालपर्यंत वाचा. उघड्या कपाटात काय आहे, ते आपल्या हाताने तपासा. मग दुसऱ्या मोबाइलवरून पाहुणा होऊन या आणि पत्ता मागून पुसून बघा, त्या मुलीने पुसला तसा. आणि वही चालू ठेवा. मोबाइलमध्ये नवे काही घेताना तो ‘परवानगी द्यायची का?’ असे विचारतो, तेव्हाही अंगठा दाबण्याआधी हाच विचार करा. आई-बाबांनाही करायला लावा!

हे सगळे लिहायच्या आधी मी मावशींना विचारले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “लिही. पोरांना उपयोग होईल. पण नाव घालू नकोस.”

म्हणून नाव घातलेले नाही.