नितळ पाण्यातला अमोनिया

क्रॉफर्ड मार्केटमधून गप्पींची पिशवी घरी येते, पोरं टाकीला नाक लावून बसतात आणि आठवड्याच्या आत एकेक मासा वर येऊन धापा टाकू लागतो. पाणी तर काचेसारखं नितळ! घोळ तिथेच आहे. पाण्यातल्या अमोनियाला रंग नसतो. माशांचं उत्सर्जन आणि तळाशी कुजणारं खाणं यांतून तो साठत जातो. पाणी उबदार आणि अल्कधर्मी असेल तर अधिकच घातक ठरतो.

त्याला आवरतात जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे नायट्रेट माशांना बरंच सोसवतं. दुसऱ्या कामाचं श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टरला मिळे. १९९८ मध्ये संशोधक टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते नायट्रोस्पिरासारखे जिवाणू करतात. ही वसाहत बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. एवढा धीर धरा, असं दुकानात क्वचितच कुणी सांगतं, आणि हकनाक मासे मरतात.

फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून लख्ख करणं हा तर घातच. नळातलं क्लोरीन स्पंजात वसलेल्या या जिवाणूंनाही मारतं. टाकीतलंच पाणी बादलीत काढावं, स्पंज त्यात दोनदा पिळावा. चहाच्या रंगाचा गाळ निघाला की पुरे.

अमोनियाच्या चाचणीसाठी नळीत घेतलेल्या टाकीच्या पाण्यात थेंब टाकल्यावर ते पिवळं राहिलं तर ठीक. हिरवट झालं, तर खाणं थांबवा, क्लोरीन काढलेल्या पाण्याने पाव टाकी बदला. आणि कृपा करून टाकी भरली त्याच दिवशी मासे आणू नका.