रॉकेट बिघडवायचा तास

कोल्हापूर

चि. भाचीस,


सातवीला कागदी रॉकेट कसं शिकवू, असं विचारलंस. माझी पहिल्या वर्षीची फजिती आधी ऐक. स्ट्रॉवर कागदी नळ्या बसवून फुंकायच्या, सगळ्यात लांब जाईल त्याला बक्षीस, अशी स्पर्धा मी लावली. तालमीत जाणारं एक पोर दरवेळी जिंकायचं. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला: आपण रॉकेट तपासतच नाही, त्या पोराची छाती तपासतोय!

तेव्हापासून फुंकणं बंद. पाण्याची रिकामी बाटली, तिच्या तोंडाला सायकलची जुनी ट्यूब, पुढं अर्धा इंची पीव्हीसी पाइप. बाटलीवर पाण्यानं भरलेली दोन लिटरची बाटली दरवेळी तेवढ्याच उंचीवरून सोडायची. रॉकेटची नळी त्याच पाइपावर गुंडाळायची, पण सैलसर; घट्ट झाली की अडकते, फार ढिली झाली की हवा बाजूनं निसटते. टोकाला शाडूची गोळी, शेपटाला पोस्टकार्डाचे पंख.

रॉकेट नीट उडालं की मी सांगते, आता बिघडवा. एका वेळी एकच गोष्ट. आधी काय होईल ते वहीत लिहायचं, मग तीनदा उडवायचं, कारण एकदाच उडवलेलं रॉकेट थापा मारतं. पंख काढले की ते हवेत कोलांट्या खातं. पंख टोकाशी चिकटवले, तर? "मॅडम, ह्यो उलटाच फिरला की!" मग बोटावर रॉकेट तोलायला देते. तोल जिथं सांभाळला जातो ती जागा पुढं हवी आणि वाऱ्याचा रेटा तिच्या मागं बसायला हवा. बाणाची पिसं मागं असतात ती त्यासाठीच.

एकीनं विचारलं, खऱ्या रॉकेटलापण पंख लागतात का? केरळातल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालेल्या नाईकी-अपाची रॉकेटचं चित्र दाखवलं. त्याला शेपटाशी पंख आहेत. आताची मोठी रॉकेटं नोझल वळवून दिशा धरतात, हेही सांगितलं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९३८ साली याच गावात जन्मले, हे मात्र मी तास संपल्यावर सांगते. मोठं नाव आलं की पोरं रॉकेट सोडून माझ्या तोंडाकडं बघतात.

दिवाळीला येताना सायकलच्या दोन जुन्या ट्यूबा घेऊन ये. इथल्या फाटल्यात.

तुझी,
मावशी