किती वळसे?

बाळगुटीत वेखंड, मुरडशेंग, जायफळ, बाळहिरडा असतो, हे वनौषधींच्या कुठल्याही पुस्तकात मिळतं. सहाणेवर कशाचे किती वळसे द्यायचे, हे क्वचित मिळतं; आणि माझ्या मते खरी विद्या त्या वळशांतच आहे. पोट मुरडत असेल तर मुरडशेंगेचा वळसा वाढतो, गुंगी येऊ नये म्हणून जायफळावर हात आखडता राहतो. बिब्ब्याचंही तेच. तो सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि दुधात पडणारे तेलाचे थेंब मोजायचे, कारण तेच तेल कातडीला लागलं तर फोड उठतात. 2002च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या, हे मोठंच काम. पण वनस्पती, तिचा भाग आणि उपयोग एवढ्यावर नोंद थांबली, तर माहिती उरते आणि विद्या निसटते.

वळसा म्हणजे काही माप नव्हे, असा आक्षेप डॉक्टर घेतात. सहाण किती खरखरीत, हाताचा दाब किती, मुळी किती जुनी, यावर सगळं बदलतं. हे खरं आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नको आणि वर्षाच्या आत मध तर नकोच, हा आजचा वैद्यकीय सल्ला मला पूर्ण मान्य आहे. आजीची आजीही गुटी देत होती, हे त्यावर उत्तर होत नाही. पण म्हणून वळसे लिहूच नयेत, हे पटत नाही. जे लिहिलं नाही ते तपासणार कसं? शिवाय मात्रा गळून पडली तरी वनस्पतीचं नाव फिरतच राहतं, आणि धोका तिथे आहे. करोनाच्या काळात गुळवेल घरोघरी गेली, कुणी महिनोन्‌महिने काढा प्यायलं. 2021मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. दोघांपैकी कुणाचंही खरं धरा; वेल ओळखायची कशी, घ्यायची किती आणि थांबायचं कधी, हे नावासोबत पोचलं नव्हतं. म्हणून नोंदवहीत उताऱ्याचाही रकाना हवा. बिब्बा उतला तर खोबरं आणि तीळ देतात. गावात बिब्ब्याच्या उपयोगाबरोबरच हेही सांगितलं जातं.