इंग्लंड सापडलं, चौकशी सुटली

मृणाल गोरे यांच्या लढ्यातून दिंडोशीत उभ्या राहिलेल्या नागरी निवाऱ्यात राहणारा हा मेंटेनर एरवी सभ्य माणूस. मराठी मजकूर साफ करणाऱ्या त्याच्या ओपन सोर्स लायब्ररीत मात्र रात्री दोनच्या सुमाराला लिहिलेल्या सात-आठ कॉमेंटांत सणसणीत शिव्या होत्या. त्या काढा म्हणून कुणीतरी कळवलं. त्याने वाद घातला नाही.

शोधायला त्याने स्वतःच गाळणी लिहिली. तिने पहिल्याच फेरीत टेस्टमधल्या धावफलकातलं इंग्लंड पकडलं, पाठोपाठ न्यूझीलंड. लंडन आणि थायलंड मात्र निसटले. या कोड्यात तो चार रात्री अडकला. पायथनचं नेहमीचं रेगेक्स मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना अक्षरात धरतच नाही. इंग्लंडमधल्या 'ग'चा पाय मोडला की त्याला वाटतं, इथे शब्द संपला. मग पुढची दोन अक्षरं शिवी म्हणून आयती हाती लागतात. न्यूझीलंडमध्ये 'झी'च्या वेलांटीपाशी तोच घोटाळा. थायलंडचा 'य' धडधाकट, म्हणून तो देश वाचला. गांडूळखताचं काय झालं ते सांगायला नको. स्कन्थॉर्प नावाच्या इंग्रजी गावातल्या लोकांना १९९६ साली गावाच्या नावामुळेच एओएलवर खाती उघडता येईनात; आपल्याकडे गांडूळ पुरतं.

सरसकट शोधा-आणि-बदला करणाऱ्यांचा त्याला जुना राग. २०१८ मध्ये इंटेलच्या यार्को साक्किनेन यांनी लिनक्स कर्नलच्या कॉमेंटांतल्या इंग्रजी शिवीच्या जागी 'हग' घालणारे पॅच पाठवले होते. त्यांना मिठी म्हणायचं होतं. दिंडोशीत ते वाचताना चहाचा ठसका लागला.

मग त्याच्याकडे शिकणाऱ्या मुलीचा पॅच आला. चांभारचौकशी या एकाच फंक्शनचं नाव बदललेलं. एकेका अक्षराचा कोडपॉइंट, त्याचा प्रकार, त्याचे शेजारी, सगळं खोदून विचारणारं फंक्शन. हे नाव सुचलं त्या दिवशी तो स्वतःवर बेहद्द खूश होता. एका मेळाव्यात त्यावर टाळ्याही पडल्या होत्या, आणि त्या त्याने मोजल्याही असाव्यात. त्याच्या शिव्यांच्या यादीत हा शब्द नव्हताच, त्यामुळे गाळणी शेजारून निघून गेली. मुलीने कारण एका ओळीत दिलं होतं: "सर, माझे आजोबा हेच काम करायचे."

'अहो, साधा वाक्प्रचार आहे,' असं त्याने टाइप केलं. खोडलं. पुन्हा टाइप केलं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यानेच सोसायटीत चारचौघांना ते वाचून दाखवलं होतं. त्या पाट्या त्याने रंगवलेल्या नव्हत्या.

नवं नाव म्हणून त्याने 'उठाठेव' सुचवलं. मुलीला 'तपशील' हवं होतं. तपशील ठरलं. अळणी आहे, असं तो अजून म्हणतो.

काम तिथे संपलं असतं तर बरं. जुनं नाव वापरणारे लोकांचे प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ते काही काळ उपनाव म्हणून ठेवणं भाग होतं. जुलै २०२० मध्ये लिनक्सनेही नव्या कोडमधून मास्टर-स्लेव्ह, ब्लॅकलिस्ट असे शब्द टाळायला सांगितले, पण वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द मोडू नये म्हणून अपवाद ठेवलाच. गिटच्या इतिहासातून नाव खरवडायचं, तर पुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश बदलतो. उपनावाला कुणी हाक मारली की इशारा छापला जातो: 'चांभारचौकशी बंद होत आहे, तपशील वापरा.' एवढी वर्षं कोडच्या पोटात असलेला शब्द आता दर वेळी लोकांच्या पडद्यावर झळकू लागला.

"तो शब्द न छापता नाही का सांगता येणार?" मुलीने विचारलं. नुसतं 'जुनं नाव' लिहिलं तर वापरणारा विचारणार, कुठलं? त्याने तीन मसुदे केले. तिन्ही अजून एका वेगळ्या ब्रँचवर पडून आहेत. त्या ब्रँचला त्याने नाव दिलंय 'उठाठेव'.